दत्ताच्या वाटणीचा सूर्य

२३ मे २००३, कापडे
पोलादपूरला बूथवर दत्ताचा फोन. धाकटा माझा, दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या देशाच्या संशोधन ठाण्यावर जनरेटर सांभाळतो. "दादा, आज सूर्य शेवटचा. आता दोन महिने नाय." उणे बावीस म्हणे. खोबरेल हातोडीनं फोडतात. आपल्याकडं ते बाटलीत थिजलं की थंडी पडली म्हणायचं.
आईला सांगितलं. म्हणाली, "सूर्यनारायणच नाय, तर माझ्या पोराला बघणार कोण?"

२४ मे
आईनं देवीपुढं नारळ ठेवला. दत्ताला सूर्य दिसेपर्यंत त्याच्या वाटणीचं दर्शन ती घेणार. दर्शनाशिवाय भात नाही. मोतीबिंदूमुळं बिंब दिसत नाही तिला. मी सांगायचं, तिनं हात जोडायचे.
वैशाखाचं ऊन. पुढं आषाढ आहे हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

६ जुलै
चार दिवस सूर्य नाही. आई चहाकेळ्यावर. ही चिडली, "मायलेकांनी सूर्यालाच वेठीला धरलाय!" केळी मात्र तीच सोलून देते.
लावणी चालू. इथं ढग, तिथं रात्र. लहानपणी दत्ता नि मी एका घोंगडीत निजायचो. तीच घोंगडी वाटते. दुसरं टोक फार लांब गेलंय एवढंच.

११ जुलै
स्वप्न. पांढरं शेत, बांध नाहीत. दत्ता वाकून बर्फाची रोपं लावतोय. हाक मारली, ती मधेच गोठून पडली. त्यानं उचलून खिशात ठेवली.
दुपारी घटकाभर ऊन. आई भात जेवली. देवीची कृपा.

१९ जुलै
दत्ताचा फोन. उणे एकतीस.
"दुपारी कडेला लाली येते, दादा. तो वर येत नाय अजून. आय कशी हाय?"
कालपासून उपाशी, म्हटलं. तो म्हणाला, "मला दिसला म्हणून सांग."
"देवीपुढं बोललीय ती."
"देवीला मी सांगतो, आल्यावर."
घरी येऊन लालीचं तेवढं सांगितलं. आई हसली. "म्हणजे उंबऱ्याशी आलाय."

२१ जुलै
चौथा दिवस. उठताना आईनं भिंत धरली. ओट्यावर आणून बसवली. कशेडीकडचे डोंगर धुक्यात गेलेत. हात आधीच जोडलेले. "आला काय रे?"
ढगात एक जागा पांढुरलीय. सूर्य म्हणावा तर नाही. नाही म्हणावं तर...
"आय, थांब जरा."
ही ताट घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, मग वर. ताट झाकून आईशेजारी बसली.
तिथंच बसून लिहितोय. भाताची वाफ झाकणाला धरलीय. ढगातली ती जागा अजून पांढरी आहे.