तांबडी रिबीन

मंगळवार, दुपारचे दोन वाजून गेले असतील, घड्याळ हल्ली मागे पडतं

चिरंजीव बोक्यास,

तुझ्या म्हाताऱ्या आईचे पोटभर आशीर्वाद. पन्नाशीच्या माणसाला बोक्या म्हणू नये हे मला कळतं, पण हाताला तेच वळण पडलंय. इकडे सगळं ठीक. गुडघे सोडले तर मीही ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू काही सांगणार नाहीस. पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तिकडे कुणीतरी ती घेतंय, एवढ्यावर मी समाधान मानते.

आता बातमी ऐक. उभा असशील तर बस. चिमणीला नोकरी लागली! मोठ्या कारखान्यात, आणि साधी नाही. गाडीतल्या एअरबॅगला वीज पोचवणारं जे सर्किट असतं ना, ते तपासायच्या खात्यात. शंभरावर पोरं आली होती म्हणे, घेतली तिघं, आणि त्यातली एक आपली. मी खाली जाऊन शिंपीणबाईला सांगितलं, तर तिनं तोंडातल्या टाचण्या न काढताच मला मिठी मारली. दूधवाल्याला सांगितलं, तर म्हणतो, "आजी, कालच सांगितलंत." सांगितलं तर सांगितलं! उद्याही सांगेन. त्यानं काय त्याचं दूध कमी पडणार आहे?

तुझी लेक दिसते कशी, तेही सांगते. उंची तुझी, कपाळ तिच्या आईचं, आणि जीभ माझी. कामावर जाताना गळ्यात फोटोवालं कार्ड अडकवते. फोटोत हसलेली नाही. मी म्हटलं, "अगं, जरा हसायचं तरी." तर म्हणाली, "आजी, कार्ड आहे, लग्नाची पत्रिका नाही."

परवा रविवारी तिनं मला सगळं शिकवलं. ओट्याशेजारच्या टेबलावर चमचे मांडून बसली. मोठा डाव म्हणजे बॅटरी, चहाचे चमचे म्हणजे तारा, साखरेचा डबा म्हणजे कंट्रोलचा डबा आणि माझा चष्मा म्हणजे एअरबॅग. मला विचारते, "आजी, तू किती शिकलीस गं?" म्हटलं, चौथी. "मग तुला समजेल. आमच्या साहेबांना समजावताना घाम फुटतो."

मग म्हणाली, किल्ली फिरवली की हा डबा फुग्याच्या, म्हणजे एअरबॅगच्या, तारेत अगदी चिमूटभर वीज सोडतो. त्यानं फुगा फुगायचा नाही इतकीच. नुसतं विचारायचं, आहेस का रे बाबा तिथं? तारेकडून दोन ओहमचं उत्तर आलं की डब्याचा जीव भांड्यात पडतो आणि समोरचा तांबडा दिवा विझतो. उत्तर आलं नाही तर दिवा जळतच राहतो. आणि धडक झाली, की हाच डबा त्याच तारेत खरी वीज सोडतो, पापणी लवायच्या आत. धडकेत बॅटरी तुटून पडली तरी त्याच्या पोटात तेवढ्यापुरती वीज साठवलेली असते. मी मधून मधून "अगंबाई!" म्हणत होते. तुला हसू येईल. तुझ्या अण्णांच्या गॅरेजात पंचवीस वर्षं सोल्डरची कांडी धरलेली बाई मी, पण नात शिकवते तेव्हा अडाणी होण्यात फार सुख असतं रे.

फ्रीज दुरुस्त झाला, ते लिहायचं राहिलं. दारातलं रबर गेलं होतं. शेजारच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, एक पांढरं, त्याचं नाक अगदी तुझ्यासारखं. गच्चीवरची टाकी गळते.

मी काय सांगत होते? चमचे.

तर ती म्हणाली, "आणि आजी, तपासताना आम्ही फुग्याच्या जागी खोटा रेझिस्टन्स लावतो. दोन ओहमचा. डब्याला वाटतं फुगाच आहे. पण त्या खोट्याला हातभर लांब तांबडी पट्टी बांधलेली असते. ती बाहेर लोंबत ठेवायची, म्हणजे तो काढायला कुणी विसरत नाही. नाहीतर दिवा विझलेला आणि आत फुगाच नाही."

तुझे अण्णाही तेच करायचे, आठवतं? पट्टी कुठली आणणार, चिमणीच्या शाळेच्या वेण्यांच्या जुन्या तांबड्या रिबिनी माझ्याकडून मागून न्यायचे. बॅटरीची तार काढली की डब्याच्या पोटातली वीज उतरेपर्यंत आधी चहा प्यायचा, मग फुग्याच्या पिवळ्या प्लगला हात लावायचा, आणि खोटा रेझिस्टन्स रिबिनीशिवाय हत्यारांच्या डब्याबाहेर काढायचा नाही. या दोन गोष्टींपायी ते तुझ्यावर सुद्धा ओरडायचे, माझी तर गोष्टच सोड.

चिमणी बोलता बोलता थांबली. आत गेली आणि एक छोटी प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. चौकशीवाल्यांनी गाडीचे कागद परत दिले होते, त्यात ती होती म्हणे. अकरा वर्षं पोरीनं जपून ठेवली आणि मला पत्ता नाही. आत खोटा रेझिस्टन्स लावलेला तो प्लग होता. तिच्या आईच्या गाडीतला.

टेबलावर ठेवला, साखरेच्या डब्याशेजारी. म्हणाली, "हा मी ऑफिसात माझ्या टेबलावर ठेवणार आहे. ज्यानं हा लावला त्याला पक्कं ठाऊक होतं आपण काय करतोय ते. रिबीन सुद्धा लावली नाही त्यानं. रोज बघेन मी. आपल्याला कसलं माणूस व्हायचं नाही ते लक्षात राहील."

"त्यानं" म्हणाली. बाबा हा शब्द ती तोंडातून काढत नाही, तुला माहीतच आहे.

मी उठले आणि चमचे धुतले. ते खराब झालेलेच नव्हते.

बोक्या, आजवर तुला चाळीसेक पत्रं लिहिली असतील. फ्रीज लिहिला, गुडघे लिहिले, शिंपीणबाईच्या जावयाचं टक्कल लिहिलं. हे लिहिलं नाही. आज लिहिते. अक्षर वेडंवाकडं येईल, सांभाळून घे.

सूनबाईच्या गाडीतला तांबडा दिवा विझत नव्हता, म्हणून तू फुग्यापर्यंत वीज नेणारी स्टिअरिंगच्या आतली ती गुंडाळीची पट्टी आणायला परगावी गेला होतास. जाताना दारातून ओरडून सांगितलंस, "मी येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका." चिमणीची दाताच्या डॉक्टरकडची वेळ होती. सूनबाई म्हणाली, "आई, तो तांबडा दिवा बघितला की मला गाडी काढवत नाही. आम्ही बसनं जातो." बसनं जाते म्हणाली होती रे ती. पर्स खांद्याला लावून दारात उभी होती.

आणि मी म्हटलं, "बस कशाला? तुझा नवराच काय तो कारागीर आहे का? थांब अर्धा तास."

मला मिरवायचं होतं. तुझे अण्णा जाऊन वर्ष झालं होतं, गॅरेज तुझ्या नावावर झालं होतं, आणि मला कुणी कांडी धरू देत नव्हतं. "आई, तुम्ही बसा आता." बसा, बसा, सगळे नुसतं बसा म्हणायचे. मी बॅटरीची तार काढली, चहा प्यायले सुद्धा, नियमाप्रमाणे. मग अण्णांच्या डब्यातला रिबीनवाला रेझिस्टन्स लावून बघितला. रिबीन स्टिअरिंगच्या झाकणाबाहेर लोंबायची. ती सूनबाईला दिसली असती आणि तिनं विचारलं असतं, आई हे काय? म्हणून मी खणातून नुसता रेझिस्टन्स घेतला आणि नवीन प्लग बनवला. बिनरिबिनीचा. तारेचे तीन वेढे, वर सोल्डरचा टाका, वर प्लास्टिकची नळी तिरपी कापून. झाकण बसवलं, किल्ली फिरवली आणि दिवा विझला.

सूनबाईनं टाळी वाजवली. "आई, तुम्ही म्हणजे ना!" म्हणाली. तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते.

मला माहीत नव्हतं, असं अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले. चौथी शिकलेली बाई, तिला काय ठाऊक, दिवा विझला म्हणजे दुरुस्त झालं असं वाटलं असेल बिचारीला. बोक्या, माहीत होतं. विझलेला दिवा खोटा आहे हे मला पुरतं माहीत होतं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, तेवढ्यात काय होतंय, एवढंच वाटलं. वळणावर तो ट्रक आला तेव्हा अर्धा तास सुद्धा झाला नव्हता.

डब्यानं फुग्याला वीज सोडली असणार. ती माझ्या टाक्यात गेली. रविवारी चमचे बघताना मला तेच दिसत होतं. वीज वेळेवर आली, पापणी लवायच्या आत आली, आणि तिथं मी होते.

चिमणी मागच्या सीटवर होती. हात मोडला, पण सगळं बघितलं तिनं. इस्पितळात दोन दिवस एकच म्हणत होती, "फुगा आलाच नाही, आजी." मी तिच्या केसांवरून हात फिरवत होते. त्याच हातानं.

मग चौकशी. त्या साहेबानं प्लग टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे काम कुणाचं? मी तोंड उघडत होते. देवाशपथ उघडत होते. तू प्लग उचललास, उलटा केलास, ते तीन वेढे बघितलेस. मग माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालास, "माझं. जाण्याआधी मीच लावला."

गॅरेज तुझ्या नावावर आहे म्हणून तू तसं म्हणालास, असं मी धरून चालले. बघ माझी अक्कल. तुझे टाके जाडेभरडे, अण्णा त्यांना बटाटे म्हणायचे. आणि तू ओळखणार नाहीस माझा टाका?

तू दोन वर्षं आत काढून आलास. दारात उभा होतास, जाताना नेलेली कपड्यांची पिशवी हातात, दाढी पांढरी झालेली. चिमणी चौदा वर्षांची. तिनं तुझ्या तोंडावर सांगितलं, "तुम्ही या घरात येऊ नका." तू माझ्याकडे बघितलंस. दुसऱ्यांदा. तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर तू आत आला असतास. मी म्हटलं, "जेवून तरी जा."

तू जेवला नाहीस. आता तिकडे पंप दुरुस्त करतोस आणि गाडीला हात लावत नाहीस असं उडत उडत कळलं.

का बोलले नाही, ते विचारशील. भीती, दुसरं काय. पोरीला आई राहिली नव्हती, बाप तिनं टाकलेला, उरले मी. मी गेले तर तिला कोण, असं म्हणायचे. खरं उलट होतं. ती गेली तर मला कोण? तिच्या वेण्या घातल्या, तिचे डबे भरले, तिच्या परीक्षांना जागले, आणि या सगळ्याखाली तो टाका होता. ती हसली की मला वाटायचं, दिवा विझलाय. सगळं ठीक दिसतंय म्हणून विझलाय.

आता ती ते काम करायला लागलीय. आज ना उद्या कुणीतरी जुना कारागीर तिच्या टेबलावरचा प्लग उचलेल आणि म्हणेल, काय सुरेख हात आहे, बाईमाणसाचा वाटतो. तोवर मी वाट बघू का? एकवार वाटलं, बघावी. वय झालंय, कदाचित त्याआधीच सुटेन. हे असलं मनात येतं माझ्या, बोक्या. बातमीनं आनंद झाला तो खोटा नव्हता. अजूनही आहे. पण सकाळी ती गळ्यात कार्ड घालून निघते, "आजी येते गं" म्हणते, आणि दार लागलं की मी धुतलेले चमचे पुन्हा धुवायला काढते.

काल रात्री तिला सांगायला बसले होते. तोंडातून निघालं, "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" मला बोलून नाही जमायचं. या तोंडाला अकरा वर्षं नुसतं बडबडायची सवय झालीय.

म्हणून हे पत्र. पाकिटावर पत्ता तीच लिहिते, माझं अक्षर टपालवाल्याला लागत नाही. दर वेळी मला सांगते, "आजी, आधी बंद करून दे. मला त्यातलं काही वाचायचं नाही." पत्ता लिहिताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असतात, पण तुझ्या गावाची एक वेलांटी चुकवत नाही.

आज पाकीट बंद करणार नाही. अण्णांचा डबा माळ्यावरून काढला, तळाशी एक रिबीन सापडली, विटलेली आहे पण तांबडी कळते. ती पत्राला बांधलीय आणि टोक पाकिटाबाहेर हातभर लोंबत ठेवलंय. तिला कळेल. रिबीन म्हणजे, इतकी वर्षं खरं म्हणून जे लावून ठेवलंय ते खोटं, पत्र काढून बघ, हे तिच्याइतकं कुणाला कळणार?

सहाला येईल ती. पाकीट साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. हे तुझ्या हाती आलं तर समज, तिनं वाचलं आणि तरी तुझा पत्ता लिहिला. मग ये, बाबा. माझ्यासाठी नको, मी इथं असेन नसेन. तिच्यासाठी ये. आणि आलं नाही तर तुला हे काहीच कळणार नाही, आणि तू तिथं पंप उघडत बसशील. मला तेच होईल असं वाटतंय. तरी लिहिलं.

जेवत जा. हाताला ग्रीस तसंच ठेवून झोपू नकोस, त्वचा फाटते.

तीन वेढ्यांच्या टाक्याची धनीण,
तुझी आई