दिवा खाली

सोमवार

आलो एकदाचे! दोन खोल्या, मोठी खिडकी, नळाला पाणी. हिचे दिवस भरत आलेत म्हणून खाट खिडकीशी लावली. इस्पितळ खाणीच्या रस्त्यापलीकडे आहे, गाडीने काहीच लांब नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी गाडी घरी न्यायला परवानगी दिली, हे एक बरं झालं. मात्र तिच्या हेडलाइटच्या काचा मोतीबिंदू झाल्यासारख्या पिवळ्या. मालक म्हणाले, दिवसा शिकवायचं तर लाइट कशाला? आता काय बोलायचं, कपाळ!

बुधवार

या गावाला शिस्त म्हणून नाही. खाणीच्या रस्त्यावर जो तो फुल लाइट मारत येतो. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून मी दिवा खाली केला, तर आभार दूरच, एकाने गाडी थांबवून आईवरून शिवी हासडली. शेजारीही बघून तोंड फिरवतात. फिरवोत. मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं: समोर गाडी दिसली की दिवा खाली. सगळे ढिम्म. त्यांच्यातली इस्पितळातली नर्सबाई तेवढी गुणाची, आपल्या गावासारखी अडेल नाही. संध्याकाळच्या एका फेरीत तिच्या हाताला वळण लागलं. ही म्हणते, झालं, तुमचं जग सुधारायला सुरुवात झाली.

शुक्रवार

टूथपेस्टने काचा घासल्या. फरक शून्य.

रात्री परतताना, आपला उजेड संपतो तिथे कुणीतरी पाठमोरं उभं होतं. गाडी पुढे नेली तरी तेवढ्याच अंतरावर. समोरून ट्रक आला, मी दिवा खाली केला. परत वर केला, तर ते अलीकडे आलेलं. चालताना दिसलं नाही. हिला सांगितलं नाही.

रविवार

मिस्त्रीकडे नव्या काचा मागितल्या. मंगळवारी येतील म्हणाला. मग हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, मास्तर, खाणीच्या रस्त्यावर दिवा खाली करत जाऊ नका. अंधार मिळाला की ते पुढे सरकतं, आणि मिळालेली जागा सोडत नाही. मी हसलो. घरी आलो, तर आधी दाराला आतून कडी घातली. लोक शिव्या का देतात ते कळलं.

नर्सबाईला सांगायला हवं. उद्या सांगतो.

सोमवार, रात्र

हिला कळा सुरू झाल्या म्हणून निघालो. खाणीपाशी ते इतकं जवळ दिसलं की ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. स्टार्टर मारला की लाइट मिणमिणतो, आणि ते — पुढे. परत मारायची छाती नाही. नर्सबाईला फोन केला, लवकर ये एवढंच तोंडातून निघालं. ती इस्पितळाची गाडी घेऊन निघाली. मीटरच्या उजेडात लिहितोय, म्हणजे हात किल्लीकडे जाणार नाही.

बॅटरी उतरतेय. ते बॉनेटशी. अजून पाठमोरंच. केस ओले आहेत. ही मागून माझा खांदा आवळून — बाळ थांबत नाही म्हणते —

आली! वळणावर फुल लाइट! सगळा रस्ता पांढरा, ते कुठेच नाही. वाचलो गं, वाचलो —

तिला ते सांगायचं राहिलं —

नको. बाई, नको. आमची गाडी दिसली तिला — हात —

तिने दिवा