सहा यार्डांची सवलत

॥ श्री ॥
रास अल खैमा,
दि. २२ जानेवारी २०२४

चि. सत्यजित यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

शनिवारी तुझा सामना पाहून मी सुखरूप घरी पोहोचलो. पुढचे सारे फोनवर सांगितले असते, तर तू “यल्ला मामा, नंतर बोलू” म्हणून निसटला असतास. पत्राला मध्येच तोडता येत नाही. घरपोच टपाल या देशात नाही, म्हणून तुझ्या कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर पाठवतो आहे.

तुझा खेळ मला आता बऱ्यापैकी कळतो. नाव फुटबॉल, पण चेंडू लंबगोल आणि कारभार सगळा हातांचा. सहकारी पुढे धावत जातात, तुला लोळवायला चार दांडगे चालून येतात, आणि तेवढ्या अवधीत चेंडू कोणाकडे फेकायचा हे तू ठरवतोस. त्या जागेला क्वार्टरबॅक म्हणतात. अमेरिकेत शिकायला गेलेला माझ्या कुंदाचा मुलगा पदवीसोबत हा खेळ घेऊन आला आणि त्याने दुबईत नोकरी सांभाळून पंधरा वर्षे एक हौशी संघ चालवला, याचे मला कौतुक आहे. कौतुक इथे संपते.

आता न्यायशास्त्राच्या पाच अवयवांत मांडतो. प्रतिज्ञा: ती जागा तू आता सोडावीस. हेतू: तिला लागणारे शरीर तुझ्यापाशी उरलेले नाही. उदाहरण: रुवैसला आमच्या प्रकल्पावर एक क्रेनचालक होता. नजर मंदावली तरी केबिन सोडेना. एके दिवशी त्याने पाइपांचा जुडगा भिंतीवर आदळला. खाली कोणी नव्हते, हे इतरांचे नशीब. उपनय: त्रेचाळीस वर्षांचा तू शनिवारी तिसऱ्यांदा पडलास, तेव्हा डाव्या हाताच्या आधाराने उठलास, उजवा हात पोटाशी धरलेला होता. निगमन: म्हणून ती जागा तू सोडावीस.

पंचवीस फेब्रुवारीला आमच्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा आहे. परीक्षक म्हणून माझे हे सव्विसावे वर्ष. हल्लीची मुले पूर्वीपेक्षा फार स्पष्ट बोलतात, हे मी मुद्दाम नमूद करतो. तुझ्या अस्मीला पाठव.

सर्वांवर लोभ आहेच; तुझ्यावर तो असल्यानेच हा उपद्व्याप.

जगन्नाथ


डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
२९ जानेवारी २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं. “प्रतिज्ञा” हा शब्द दिसताच मी रिकाम्या मीटिंग रूममध्ये जाऊन दार लावलं. लहानपणी पाठीवर धपाटा बसायचा, त्याहून तुमचा पंचावयवी युक्तिवाद जास्त लागतो.

पण मामा, हेतू असिद्ध असला की पुढचं सगळं खलास, हे मला तुम्हीच शिकवलंत. आकडे पाहा. दोन वर्षांपूर्वी माझ्या शंभर फेकींपैकी पंचावन्न आमच्या माणसांच्या हातात पडायच्या. या सीझनला अडुसष्ट पडतात. हात गेला असता तर आकडा चढला असता का? डाव्या हातानं उठलो, कारण उजव्यात चेंडू होता.

आमच्या क्लबात क्वार्टरबॅक कोण, ते कॅप्टन ठरवतो, आणि कॅप्टन मी आहे. म्हणजे मला मीच काढू शकतो. मोह होतो असं तुम्ही म्हणाल. माझ्यामागे जमाल आहे: सव्वीस वर्षांचा, शारजात वाढलेला, बँकेत नोकरीला. हात तोफेसारखा, पण धीर नाही. त्याला अजून एक वर्ष हवं. रमजानच्या आधी, दोन मार्चला फायनल आहे. ती मी खेळणार. पुढच्या वर्षी त्याच्याकडे सोपवीन, इन्शाल्ला.

अस्मी स्पर्धेला येईल. तिचं भाषण आम्ही दोघं आत्ताच मराठीत बसवतोय आणि भांडण इंग्रजीत करतोय. मंडळाच्या नियमाप्रमाणे लिखित प्रत आधी पाठवली आहे.

राग नसावा. असलाच तर पुढच्या पत्रात पाचाऐवजी तीनच अवयव वापरा.

आपला,
सत्यजित


डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
५ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस पर्णिकाचा सा. न. वि. वि.

यांच्या कोटाच्या खिशात तुमचं पत्र सापडलं. कोट लाँड्रीत द्यायचा होता. वाचायला नको होतं, पण वाचलं, आणि आता तुम्हाला अर्धवट माहितीवर ठेवणं मला जमत नाहीये.

यांच्या उजव्या खांद्यातला स्नायू अर्धा फाटला आहे. नोव्हेंबरपासून दोन इंजेक्शनं झाली. हे आता खेळत राहिले तर हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले. शर्ट घालताना हे आधी उजवी बाही चढवतात आणि डाव्या हातानं ओढून घेतात. वरच्या फळीवरचा कुकर मी सांगायच्या आत अस्मी काढून देते.

तुम्हाला आकडे कळवल्याचं हे मला म्हणाले. ते मात्र खरे आहेत, आणि तेच सांगायला कठीण आहे. गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये जमाल मला भेटला. चेंडू झेलणाऱ्यांनी किती यार्ड धावून वळायचं, ते यांच्या वहीत ठरलेलं असतं. वीस लिहिलेलं असेल तर मुलं चौदावर वळतात. यांच्या माघारी सुजीतनं सगळ्यांना बसवून हे ठरवून घेतलं. सुजीत म्हणजे यांच्या बऱ्याचशा फेकी झेलणारा, बारा वर्षांचा जोडीदार. दोन सीझन अख्खा संघ कमी धावतो आहे. म्हणून चेंडू पोहोचतो, म्हणून आकडा चढतो.

मी जमालला म्हटलं, जागा तर तुझी अडली आहे, मग तूच का बोलत नाहीस. तो म्हणाला, “भाभी, कॅप्टन ने हम को खड़ा किया. हम उस को कैसे बिठाएँ?”

अस्मीला विचारलं तर तिनं मोबाइलवरून मानही वर केली नाही. मम्मा, एव्हरीबडी नोज, एवढंच म्हणाली.

मी सांगितलं तर यांची जागाही जाईल आणि मित्रही जातील. नाही सांगितलं तर फायनलला खांदा जाईल. मामा, हे कोणी सांगायचं?

तुमची माया आहे म्हणून हे धाडस. ती अशीच राहू द्या.

पर्णिका


॥ श्री ॥
रास अल खैमा,
दि. ९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. पर्णिका हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

दुसऱ्याचे पत्र वाचणे गैर आहे. तू ते वाचलेस याबद्दल मी तुझा ऋणी आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात.

सत्यजितचे आकडे मला प्रथमपासून खटकत होते. कारण क्षीण होत असता कार्य वाढत असेल, तर दुसरे एखादे कारण नजरेआड काम करत असते. तुझ्या पत्राने ते दाखवले. हेच वाक्य मी त्याला लिहावयास घेतले आणि अर्ध्यावर थांबलो.

गेल्या तीन वर्षांत माझे ऐकणे निम्म्यावर आले आहे. डावा कान तर आता केवळ चष्म्याची काडी अडकवण्यापुरता उरला आहे. नेमक्या याच तीन वर्षांत स्पर्धेतील मुलांचे उच्चार मला सुधारलेले वाटू लागले. भाषणांच्या लिखित प्रती आधी मागवण्याचा नियमही याच काळातला. तो कार्यक्रमाच्या नियोजनासाठी आहे, असे मला सांगण्यात आले आणि मी ते मानले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाआधी माझा प्रश्न. माझ्यासाठीही कोणी अंतर कमी केले आहे काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे असावे, आणि ‘होय’ असल्यास ते कोणी केले हेही असावे. माझे मन राखण्यासाठी काही लिहू नकोस. खोट्या विधानावर मी पुढचा तर्क बांधीन, आणि तो तुमच्या घरावर पडेल.

अस्मीस आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ या पत्राने वाढला आहे, कमी नाही.

जगन्नाथ


डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
१३ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

होय.

लिखित प्रत तुमच्यासाठीच मागवतात. माइकचा स्पीकर तुमच्या उजव्या बाजूला ठेवतात आणि मुलांना सावकाश बोलायला शिकवून पाठवतात. मंडळाच्या सेक्रेटरी अर्चनाताई तुमच्या मागच्या रांगेत बसून वेगळे गुण लिहितात. निकाल बहुतेक वेळा तुमचाच राहतो. गेल्या वर्षी राहिला नाही. दिया नावाच्या मुलीनं कागद बाजूला ठेवून तिच्या आजीबद्दल मनचं बोलायला सुरुवात केली. सभागृह रडलं. तुम्ही समोरच्या कागदावरून गुण दिलेत आणि तिला सातवी ठेवलीत. अर्चनाताईंनी तिचा पहिला नंबर जाहीर केला. तुम्हाला नाव नीट ऐकू आलं नाही; वाटलं, तुमचाच निकाल वाचला.

हे सगळं कोणी केलं, तेही विचारलंत. यांनी. तीन वर्षांपूर्वी मंडळाची मीटिंग नवीन परीक्षक शोधायला बसली होती. हे दुबईहून दीड तास गाडी चालवून आले आणि मामांची खुर्ची कोणी हलवायची नाही म्हणाले. लिखित प्रतीचा नियम यांनीच सुचवला.

मामा, यात तुमची चेष्टा करावी असं कोणाच्या मनात कधी नव्हतं. याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही.

पर्णिका


॥ श्री ॥
रास अल खैमा,
दि. १७ फेब्रुवारी २०२४

चि. सत्यजित यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पुढील मजकुराबद्दल रागवावयाचे असल्यास माझ्यावर रागव. पर्णिकाने मला माहिती दिली ती तुझ्या काळजीपोटी, आणि पुढची मी मागितली म्हणून.

प्रथम माझ्याविषयी. परीक्षकपद सोडत असल्याचे मी आज मंडळास कळवले. पंचवीस तारखेस मी श्रोत्यांत बसेन. तू माझ्यासाठी केलेली सर्व व्यवस्था मला समजली आहे. ती प्रेमापोटी होती याविषयी मला शंका नाही, म्हणूनच तिची किंमत कोणी मोजली नाही. एका मुलीचे खरे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले नाही आणि मी तिला सातवी ठेवली. चूक दुरुस्त झाली. परंतु ती केल्याचे मला कळू दिले गेले नाही. चूक माझी होती, सत्यजित. ती माझ्याकडे यावयास हवी होती.

आता तुझ्याविषयी. जी माया तू माझ्यावर केलीस, तीच तुझ्या संघातल्या मुलांनी तुझ्यावर केली आहे. वहीत वीस यार्ड असतील तेथे ती चौदावर वळतात. दोन वर्षे वळत आहेत. तुझ्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेषा असते, हे मी त्या सामन्यात पाहिले. तुला सहा यार्डांचा फरक दिसला नसेल असे मी मानत नाही. मलाही लिखित प्रती दिसतच होत्या. आपल्याला जे दिसत असते त्याला आपण विचारत नाही, इतकेच.

पहिल्या पत्रात मी तुला पाच अवयव लिहून पाठवले. त्यातले क्रेनचालकाचे उदाहरण मागे घेतो. ते दूरचे होते. त्याऐवजी मला घे. बाकीचे तुला ठाऊक आहेत. पाचवा मी लिहीत नाही. तुझ्या संघात तो लिहिण्याचा अधिकार एकट्या तुला आहे, आणि तो तुझ्याकडून काढून घेणारी माया मला यापुढे करावयाची नाही.

तू काहीही ठरवलेस तरी माझा लोभ त्यावर अवलंबून नाही.

जगन्नाथ


डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
४ मार्च २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पंचवीसला आपण भेटलो, पण तुम्ही काही विचारलं नाहीत. तिसऱ्या रांगेत बसून, निम्मं ऐकू येत नसताना, प्रत्येक मुलाकडे शेवटपर्यंत पाहत राहिलात. अस्मी अडखळली तेव्हा टाळी तुम्ही आधी वाजवलीत. मी मागून पाहत होतो. तिथे बोलता आलं नाही म्हणून लिहितो.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी सुजीतचा फोन घेतला नाही. रात्री जेवताना पर्णिकाला म्हटलं की रेषा मला दिसत होत्या. तिनं माझ्या ताटात भात वाढला. मामा, रेषा मला पहिल्या महिन्यापासून दिसत होत्या.

गुरुवारी, एकोणतीस तारखेला, शेवटचा सराव होता. मुलांना सांगितलं, वीस म्हणजे वीस, रेषेवर जाऊन वळा. सात वेळा फेकला. दोन पोहोचले. बाकीचे पाच त्यांच्या पायांपुढे पडले आणि प्रत्येक वेळी सुजीत माझी माफी मागत राहिला, जणू त्याचीच चूक. सातव्यानंतर खांदा इतका दुखला की मी गवतावर बसलो. शनिवारी जमाल फेकेल, असं बसल्या बसल्याच सांगितलं. जमाल माझ्याशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला.

फायनलची गोष्ट तुम्हाला तर्काच्या दृष्टीनं आवडेल. जमालनं पहिलाच चेंडू पूर्ण वीस यार्डांवर, अगदी जागच्या जागी टाकला. सुजीत चौदावर वळला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, समोरच्यांनी झेलला, गुण झाले. दुसऱ्यांदा तेच. पोरांना वीस माहीत होतं, एका सरावानं पायांना कळलेलं नव्हतं. दोन वर्षं माझ्यासाठी कमी धावून त्यांचे पाय चौदालाच थांबायला शिकले होते. जमाल माझ्याकडे पाहत होता. मी त्याला अधीर म्हणायचो. तो अधीर नव्हता मामा. तो बरोबर अंतरावर फेकत होता आणि तिथे कोणी जातच नव्हतं.

आधी मला राग आला. मग तो कोणावर काढावा, हे कळेना.

दुसऱ्या हाफमध्ये मी मैदानाबाहेरच्या कडेला, जिथे वीस यार्ड भरतात तिथे जाऊन उभा राहिलो. सुजीतला सांगितलं, वहीकडे, रेषेकडे पाहू नकोस. माझ्या बरोबरीला येईपर्यंत वळू नकोस. प्रत्येक डावाला जागा पुढेमागे होते, तसा मीही कडेनं चालत राहिलो आणि मोजून उभा राहिलो. पहिल्या वेळी सुजीत पुन्हा चौदाला रेंगाळला. मी नुसता हात वर केला, डावा. तो आला. माझ्यासमोर येऊन वळला आणि चेंडू त्याच्या छातीवर आदळला. मामा, इतक्या लांबचा चेंडू मी या मैदानावर कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

आम्ही तीन गुणांनी हरलो. ऑपरेशन ईदनंतर आहे. पट्टी सहा आठवडे राहील, म्हणून हे पत्र आधीच उरकलं.

पर्णिका आणि अस्मी नमस्कार सांगतात. आमच्यावरची माया आहे तशीच असू द्या, आणि माझं काही चुकलं तर ते माझ्याकडेच पाठवत जा.

आपला,
सत्यजित