आत्या, डबे घासू नकोस

ती. आत्यास,

दोन्ही हात मातीने भरलेले असल्यामुळे लांबूनच, पण मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? शेजारच्या मांजरीशी भांडण मिटलं का? (मिटलं नसेल अशी आशा आहे. ते मिटलं तर दिवसभर तू करणार काय?) मी बरी आहे. म्हणजे हातपाय जागेवर आहेत. डोकं मात्र गेले कित्येक आठवडे एका बंगल्यात अडकून पडलंय, आणि त्याची हकिगत तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

जुन्या साहेबांची नोकरी सोडून मी स्वतःची पाटी लावली, हे तुला ठाऊक आहेच. निरोप देताना साहेब म्हणाले होते की आमचं दार तुला कायम उघडं आहे, आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणाले होते, की त्या दारातून परत आत जाण्यापेक्षा मी जन्मभर लोकांच्या कुंड्या उचलीन. पाटी लावल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. हे बिघडलं की पाटी उतरवायची आणि साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहायचं. म्हणून मी सुरुवातीपासून तोंड शिवून घेतलं होतं. (माझं तोंड, आत्या. यावरून संकट केवढं असेल ते ओळख.)

बंगल्यातल्या बाईंना बाग हवी होती. कशी हवी होती ते ऐक. झाडं हवीत, पण पानं गळायला नकोत. फुलं हवीत, पण मधमाश्या नकोत. हिरवळ हवी, पण ती ओली नको, कारण बाईंच्या चपला ओल्या होतात. मातीचा वास हवा, माती नको. मी वहीत डोकं खुपसून सगळं लिहून घेत होते, तेवढ्यात त्यांचे यजमान आले. या गृहस्थांच्या खिशात कायम मोजपट्टीची टेप असते, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना टेपसाहेब म्हणते. ते दिसेल ती वस्तू मोजतात आणि मोजून झाल्यावर तिच्याकडे संशयाने बघतात. त्यांनी मला विचारलं, की ठरावीक उंची गाठल्यावर वाढायचं थांबणारं गवत येत नाही का? येतं म्हटलं, प्लास्टिकचं. तर तो माणूस चक्क खूश झाला! बाईंनी डोळे वटारले म्हणून वाचले, नाहीतर चार वर्षं शिकून, उन्हातान्हात करपून, मी शेवटी सतरंजी अंथरणारी झाले असते.

तरी आराखडा काढला. सुंदर काढला, माझं मीच सांगते. आता आमच्या धंद्यातली एक रीत तुला सांगायला हवी. कागदावर झाड दाखवताना आम्ही हिरवा गोल काढतो, आणि तो गोल काढायचा झाड पुरतं वाढल्यावर जेवढं पसरेल तेवढा. म्हणजे आज लावलेली काठी दहा-पंधरा वर्षांनी केवढी जागा खाईल, ते त्यात दिसतं. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. बाईंनी ते गोल पाहिले, त्यांत भरलेले रंग पाहिले, कागद छातीशी धरला आणि होकार दिला. जाऊबाई पुढच्या महिन्यात चहाला येणार आहेत तोवर सगळं उरकायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. (या जाऊबाईंच्या घरी म्हणे कारंजं आहे. बाईंच्या बोलण्यात ते कारंजं इतक्यांदा येतं, की मला ते नातेवाइकांपैकीच वाटायला लागलंय.)

रोपं आली, खड्डे झाले, लावणी झाली. संध्याकाळी दोघं नवराबायको बघायला बाहेर आले आणि उभेच राहिले. टेपसाहेबांनी एका हातात आराखडा घेतला, दुसऱ्या हाताने टेप ओढली, माझ्या कोवळ्या रोपट्याच्या बुंध्याशी तिचं टोक धरलं आणि मला सांगितलं, की माल कमी आलाय. मला आधी समजेना. मग ते एकेका झाडापाशी गेले. गोल एवढा आहे, ही काठी केवढी आहे? अशी प्रत्येक झाडाची तक्रार. म्हणजे या माणसाची समजूत अशी, की मी पंधरा वर्षांनंतरची झाडं टेम्पोतून आणायची कबूल केली होती आणि वाटेत कुठेतरी विकून खाल्ली! मी समजावलं, की झाड वाढतं. तर ते म्हणाले, वाढेल तेव्हा बोलू, आत्ता तर करारात बसत नाही ना! मी कपाळाला हात लावला. हात मातीचा होता, त्यामुळे घरी जाईपर्यंत लोक माझ्याकडे बघत होते.

बाईंना तर रडूच फुटलं. जाऊबाई येणार आणि आपण त्यांना काठ्या दाखवणार, या विचाराने. दुसरं काहीतरी दाखवा, आजच दाखवा, नाहीतर काम थांबवा, असं त्यांनी निक्षून सांगितलं. झालं. मी लॅपटॉप उघडला. नव्या गिऱ्हाइकाला दाखवायचे माझे काही फोटो ठरलेले आहेत. त्यांतला पहिलाच फोटो तुझ्या मागच्या अंगणाचा आहे. (का आहे, ते पुढे सांगते. आत्ता रागावू नकोस, गुडघा दुखेल.) तेलाच्या गंजलेल्या डब्यांतली जास्वंद, फुटक्या बादलीतून बाहेर लोंबणारा पुदिना, तुटक्या टबातली कोरफड, वाळत घातलेलं पायपुसणं, विटेवर टेकवलेली तुझी ती लंगडी वेताची खुर्ची, आणि कोपऱ्यात पाठमोरी तू, हातात खराटा, बहुतेक मांजरीच्या मागे. मी तो फोटो पुढे ढकलणार एवढ्यात बाईंनी माझं मनगट धरलं.

हीच, म्हणाल्या. अशीच बाग हवी.

आत्या, मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, की इथे बसलं तर कुणी उठवणार नाही, असं वाटतं. एवढं शहाण्यासारखं वाक्य त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं. पण तेवढ्यात टेपसाहेबांनी विचारलं, हे डबे कोणत्या कंपनीचे, आणि इतका छान गंज त्या कारखान्यातूनच लावून देतात का? पुन्हा सगळं होतं तिथे आलं.

म्हणजे बघ. निचरा, सावली, मुळांची खोली, सगळं घोकून घोकून माझे डोळे गेले, आणि शेवटी पसंत काय पडलं, तर तू चहाचा चोथा फेकतेस आणि पाणी घालताना शिव्या देतेस, त्यातून आपोआप झालेला तो पसारा. मला या लोकांचा मनापासून तिटकारा आला आहे. काम आटपलं की त्या गल्लीत मी पाऊलही टाकणार नाही. असो. तब्येत सांभाळ. उन्हात बसू नकोस.

तुझी भाची

ता. क. कामाचं सांगायचं राहिलं. तुझे सगळे डबे, बादल्या आणि तो टब, झाडांसकट, मला हवे आहेत. जाऊबाई येऊन गेल्या, बाईंचं समाधान झालं, की परत आणून देईन. कृपा करून डबे घासू नकोस. परक्या घरी जायचंय म्हणून रंगही लावू नकोस. गंज आहे तस्साच हवा.

ता. क. ही बाग कुणी आखली असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मीच. त्यांचा फोन आलाच, तर तू माझी पहिली गिऱ्हाईक आहेस आणि कामावर अत्यंत खूश आहेस, एवढं लक्षात ठेव. दुसरं काही बोलू नकोस. विशेषतः मी लहानपणी तुझी कोरफड उपटली होती, ते नको.

ता. क. त्या फोटोचं. मी आधी वाईट बाग दाखवते आणि मग माझ्या चांगल्या. तो फोटो त्यातला पहिला, आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरांत 'असं नको' असं लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं होतं. वाचूनही तीच बाग मागितली, यात काय ते समज.

ता. क. हे पत्र टेम्पोच्या ड्रायव्हरच्या हातीच पाठवते आहे. म्हणजे तू इथवर वाचलंस, तेव्हा तो तुझ्या दारात उभा असेल. बिचाऱ्याचा यात काही दोष नाही, त्याच्यावर खराटा उगारू नकोस. टब दोघांनी मिळून उचला.

ता. क. शेवटचं. तो तुझ्याकडे खुर्ची मागेल. बाईंचा सगळा जीव त्या खुर्चीवरच आहे. बाकी काही नाही आलं तरी चालेल, पण खुर्ची आली नाही तर काम रद्द, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे, आणि मी हो म्हणून बसले आहे. तू देऊ नकोस. त्याने कितीही विनवलं, मी सांगितलंय असं म्हणाला, तरी देऊ नकोस. काम गेलं तर मी तुझ्याकडेच येणार, आणि तेव्हा मला बसायला लागेल.