मोज्यातल्या बाटल्या

७ ऑक्टोबर, सोमवार

छत्तीस बाटल्या, छत्तीस मोजे. उद्यापासून खोऱ्यातल्या रेड वाईनची वार्षिक परीक्षा. लेबल दिसू नये म्हणून प्रत्येक बाटलीला गळ्यापर्यंत लोकरीचा मोजा. मोजे विणणाऱ्या बाईच नंबर लावतात, त्याच ओततात. कुठल्या मोज्यात कोणाची बाटली, हे फक्त त्यांना ठाऊक. परीक्षक तिघे: दातांचे डॉक्टर, कॉलेजात वाईन शिकवणाऱ्या बाई, आणि रविवारच्या पुरवणीत वाईनवर लिहून पोट भरणारा मी.

यंदा धाकटीही आहे. इतकी वर्षं माझ्या या बहिणीची द्राक्षं वाईनच्या कारखान्याला जायची. मग तिने तळघर झाडलं, पिंपं आणली, स्वतःची वाईन केली. ही पहिलीच. शहरातली दुकानं शंभरात अठ्ठ्याऐंशी गुणांच्या खालच्या बाटलीला हात लावत नाहीत. तेवढे मिळाले तर ठीक, नाही तर द्राक्षं परत कारखान्याला आणि तळघराला कुलूप. हे तिनेच फोनवर सांगितलं, पिंप धुता धुता. माझ्याकडे मात्र काही मागितलं नाही. मागणारही नाही.

मोजेवाल्या बाईंना विचारलं, मी बसलो तर चालेल ना? म्हणाल्या, "या खोऱ्यात कुणाचाच कोणी नसलेला परीक्षक हवा तर पाळण्यातलाच शोधावा लागेल. म्हणून तर मी विणत बसते."

८ ऑक्टोबर, मंगळवार

एक ते अठरा. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून रंग बघा, घोळवा, नाक घाला, घोट घ्या, गुळण्या करा, बादलीत थुंका. मग कोरडा पाव. मग पुढची. लोकांना वाटतं आम्ही मजा करतो.

चार नंबर — औषधाच्या दुकानातलं सरबत. एकाहत्तर. सहा नंबर इतकी तुरट की डॉक्टर म्हणाले, "हिला माझ्या दवाखान्यात ठेवा. भूल द्यायला नको, हिरड्या आपोआप बधिर." मी चौऱ्याऐंशी दिले. मला तुरट आवडते.

मग नऊ नंबर. ग्लास नाकाशी नेला आणि थबकलो. ओली वीट आणि पेन्सिलीची टरफलं. धाकटीच्या तळघरात पाऊल टाकलं की येतो, नेमका तोच वास.

घोट घेतला. चांगली होती. पंचाईत तीच! चांगली आहे म्हणून चांगली लागली, की धाकटीची आहे म्हणून? अठ्ठ्याऐंशी लिहिले, खोडले. चौऱ्याऐंशी लिहिले. घोटामागची चव जरा लवकरच सरली असं वाटलं. शेवटी अठ्ठ्याहत्तर. उद्या कोणी म्हणायला नको, भावाने हात सैल सोडला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या लग्नाला तू किती दिले असतेस, ते मी आयुष्यात विचारणार नाही."

९ ऑक्टोबर, बुधवार

सत्तावीस नंबर!

बाकीच्यांबद्दल नंतर. काळी मनुका, मागून जरा मिरी, आणि तुरटपणा असा, की जिभेचा हात धरून रस्ता ओलांडून देतो. घोट संपल्यावरही मागे रेंगाळते, निरोप घेताना दारातच गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांसारखी. डॉक्टरांनी थुंकायला नकार दिला. कॉलेजातल्या बाई गुण देईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत, त्यासुद्धा "हं" म्हणाल्या.

त्र्याण्णव. पेन एकदाही अडखळलं नाही.

ही ज्याची असेल त्याच्याकडे धाकटीने वर्षभर शिकायला जावं, असंही मनात आलं. निकालानंतर सुचवेन. गोड शब्दांत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पुरवणीचा मजकूर वेळेत दिला. अर्धा सत्तावीस नंबरवर. नावाची जागा कोरी, उद्या भरायची.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. छत्तीसांत एक वाईन दोनदा ओततात, दोन वेगळ्या नंबरांखाली, न सांगता. तपासणी वाईनची नाही, आमची. ज्याच्या दोन आकड्यांत पाचापेक्षा जास्त फरक, त्याचे सगळेच गुण रद्द आणि पुढच्या वर्षी घरी. माझा फरक कधी दोनच्या वर गेलेला नाही. या पद्धतीची मला आठवणही राहिली नव्हती.

मोजेवाल्या बाईंनी नऊचा मोजा उतरवला. धाकटीचं लेबल. मी मान डोलावली. नाक शाबूत आहे, एवढंच मनात आलं.

मग सत्तावीसचा उतरवला.

तेच लेबल.

"ही परवा सकाळीच उघडून ठेवली होती," बाई म्हणाल्या. "वारा लागला की विटेचा वास उडतो तिचा."

डॉक्टरांचे नव्वद आणि एक्क्याण्णव. कॉलेजातल्या बाईंचे एकोणनव्वद दोन्ही वेळा. माझे अठ्ठ्याहत्तर आणि त्र्याण्णव.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा? अहो, मी चुकीचा दात उपटला तरी एवढा लांबचा उपटत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

निकालात पहिल्यांदा ओतलेली धरतात. माझा आकडा राहिला असता तर धाकटीची सरासरी शहाऐंशीलाही पोचली नसती. माझे गुण बाद झाले आणि ती साडेएकोणनव्वदवर गेली. दुकानं घेतील. मजकुरातल्या कोऱ्या जागेत तिचं नाव भरलं आणि खाली, मी तिचा भाऊ आहे आणि यंदाचे माझे गुण रद्द झालेत, अशी ओळ घातली. संपादक म्हणाले, "ती ओळ वर घे."

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी धाकटीचा फोन. आवाजात राग नव्हता. ती पिंप धुवत नव्हती, आणि एवढंच म्हणाली:

"दादा, त्र्याण्णव वाईनला दिलेस. अठ्ठ्याहत्तर मला दिलेस. आज संध्याकाळी ये. लेबल समोर ठेवून ओतीन. माझी आहे हे माहीत असताना पी, आणि माझ्या तोंडावर आकडा सांग."