माय म्हणजे मी नव्हे

नंदुरबार, ९ जानेवारी १९२८
मोंबासाहून यांचं पत्र. रेल्वेचं क्वार्टर मिळालं, दोन खोल्या, पुढे ओटा. "आता निघा." तीन वर्षं या दोन शब्दांसाठी थांबले. वसंता सकाळपासून उड्या मारतोय. बोटीत वाघ असतो का म्हणे! आठ वर्षांचा घोडा झाला, अक्कल तेवढीच.
पण पत्राच्या शेवटी एक ओळ. "चिमी लहान आहे, तिला वहिनींची सवय आहे. ती तिथं राहिली तरी पुढच्या खेपेस नेऊ. तू ठरव."
तू ठरव म्हणे! माझी तीन वर्षांची मुलगी मी न्यायची की नाही, हे ठरवायचं असतं होय?
जाऊबाईंना (यापुढे जा. बा., वही पुरवायची आहे) ती ओळ वाचून दाखवली नाही. त्यांना अक्षर येत नाही, बरंच आहे.

११ जाने.
तिकडे न्यायला बिबडे, म्हणजे इकडचे ज्वारीचे पापड, घातले. चिमी दिवसभर जा. बां.च्या मांडीला चिकटून कच्चं पीठ खात होती. म्हटलं, "चिमे, आईकडे ये." मान हलवली. जा. बा. म्हणतात, "ऱ्हाऊ दे वं यमुना, खेळी ऱ्हायनी ती."
मला आई म्हणते, त्यांना माय. आई हा शब्द मी नाशिकहून आणला, मोठ्या हौसेनं मुलांना शिकवला. इथं तर जन्म देणारीला माय म्हणतात. मग चिमीची माय कोण? माझ्या पायावर मीच धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

१४ जाने. संक्रांत
चिमी झाली आणि मी अंथरुणाला खिळले. आठ महिने नाशिकला माहेरी, जगते की नाही अशी. इकडे जा. बां.नी तिला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजून वाढवली. त्यांना स्वतःचं मूल नाही. सगळं ठाऊक आहे मला. उपकार आठवले की राग जास्तच येतो, हे कुणाला सांगावं?
तिळगूळ देऊन पाया पडले. मनात म्हटलं, सोडा आता तिला.

२० जाने.
पासपोर्टसाठी माझा आणि मुलांचा एकत्र फोटो. धुळ्याचा फोटोवाला बाजारात पाल ठोकून बसलाय. चिमी माझ्या मांडीवर टिकेना. शेवटी जा. बा. खुर्चीमागे वाकून बसल्या, अंगावर काळा कपडा, आणि एक हात पुढे काढून तिची कंबर धरली. लगेच कशी गप्प! फोटोवाला म्हणतो, "वा, काय शहाणी पोर शे."
शहाणी. हं.

२ फेब्रु.
फोटो घेऊन मामलेदार कचेरीत. बरोबर दादा (माझे मोठे दीर). कारकुनानं चष्मा वर केला. "बाई, तुमचे दोन्ही हात तर मांडीवर दिसतात. मग हा गोंदलेला हात कुणाचा?" दादांना खोकला आला. "सरकारला बाईचे हात दोनच लागतात. पुन्हा काढा."
बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. घरी सांगितलं, "तुमच्या हातापायी फोटो नापास झाला." जा. बां.नी हात पदराखाली घेतला. बरं वाटलं मला. हो, वाटलं. निदान इथं तरी खोटं लिहू नये.

३ फेब्रु.
फोटो पुन्हा. जा. बां.ना येऊ दिलं नाही. चिमी रडून रडून सुजली, तशीच काढली. मारलं नाही. चिमटा काढला, एकच.

८ फेब्रु.
देवी टोचून घेतल्या, त्याशिवाय बोटीवर घेत नाहीत. चिमीला मी धरलं होतं, ही बया "माय वं! माय!" करत जा. बां.कडे झेपावत होती. टोचणारा मला म्हणाला, "अहो, तिच्या आईकडे द्या ना तिला."
"आई मीच."
त्यानं दोघींकडे पाहिलं. जा. बा. आत निघून गेल्या. माझे कान तापले, अजून तापलेत.

१२ फेब्रु.
जा. बां.चं सकाळपासून चालू आहे. "बिनसाखरनं दूध तिले चालत नही." "पाठवर थापटं, तवय झोपस ती." माझ्याच मुलीबद्दल मलाच शिकवतात! हं हं करत राहिले. सगळं पाठ केलं मात्र.
संध्याकाळी कळलं. वसंतानं यांचं पत्र त्यांना वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट. केव्हा? संक्रांतीच्या आधीच! म्हणजे महिनाभर त्यांना ठाऊक आहे की चिमी मागता येते. मागितली नाही. मागितली असती तर कडाकडा भांडले तरी असते. आता कुणाशी भांडू?

१७ फेब्रु.
मागच्या अंगणात आवाज ऐकला. जा. बा. चिमीला समोर बसवून शिकवत होत्या.
"ती तुन्ही माय. म्हन, माय. आन मी कोन? मी काकू."
"तू माय."
"नही वं. मी काकू."
"माय!"
जा. बां.नी तिच्या गालावर चापट मारली. जन्मात पहिल्यांदा. चिमी रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. मग जा. बा. भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी तशीच मागे फिरले. त्यांच्या जागी मी असते तर मला नसतं जमलं, याचाही जळफळाट झाला.

२० फेब्रु.
जा. बा. पहाटेच शहाद्याला माहेरी गेल्या. आम्ही जाईपर्यंत येणार नाहीत. "मी आठे ऱ्हायनू तर पोर निंघाव नही." चिमी झोपेत होती. तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि गाडीत बसल्या. मला म्हणाल्या, जप. तिला की मला, कळलं नाही.

२१ फेब्रु.
उठल्यावर चिमीनं सगळ्या खोल्या पाहिल्या. अंगणात जाऊन आली. कुणाला काही विचारलं नाही.
दुपारी माझ्याकडे आली, पदर धरला. "माय, दूध."
मला म्हणाली. मला! ज्या शब्दासाठी इतके दिवस आतल्या आत जळले तो. मी वाकून जवळ घेणार, तर तिनं पटकन दोन्ही हातांनी गाल झाकले.
दूध दिलं. निमूट प्यायली.
दादा माझ्याशी थेट बोलत नाहीत. दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "वसंता, तुन्ही आईले इचार, सकाळनं तिकीट दीड काढू का दोन?" वसंता आत आला. "आई, दीड की दोन?"
माझं एक, वसंताचं अर्धं, चिमीचं अर्धं. दोन म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं, संध्याकाळी सांगते.
संध्याकाळ झाली. दादा दोनदा दाराशी येऊन गेले.