दारापुढची काळी फरशी

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

हरफूल मिस्त्री आजही गायब. काल जाताना ‘कल पक्का, साहब’ म्हणाला होता. छत्तीस वर्षं केंद्र सरकारात काढली. टाळाटाळीत आपला हात धरणारा कोणी नाही असं वाटायचं. गर्व उतरला!

घरभर सिमेंट. चहात सिमेंट, उशीवर सिमेंट. देवयानी गुडगावहून आली होती. नवी नोकरी, गळ्यात ऑफिसचं कार्ड. रविवारी सुद्धा काढत नाही. नाकाला रुमाल लावून सगळं घर फिरली आणि म्हणाली, ‘बाबा, आई इथे येणारे हे पक्कं आहे ना?’ म्हटलं, घर तयार झालं की येईल. ‘तुम्ही तिला विचारलंत?’ ह्या पोरीला दर खेपेला हाच एक प्रश्न सुचतो.

लिहूनच टाकतो, वहीपुढे कसली लाज. रिटायर झालो की पुणे, असं ठरलं होतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कुमुदने तेवीस वर्षं काढली ती त्या एका भरवशावर. आणि मी तीन वर्षांपूर्वी फरीदाबादचं हे जुनं घर घेऊन टाकलं. तिला न सांगता! म्हटलं, चकित करू. गेल्या नोव्हेंबरात दाखवायला आणली. दारात उभी राहून आत पाहिलं. ‘छान आहे,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘तुम्हाला छान आहे.’ आठवड्याने पुण्याला गेली, सुनेत्राकडे, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीकडे. भाचीचं लग्न म्हणून. त्या लग्नाला आता दोन महिने झाले.

५ फेब्रुवारी

हरफूल आला. एक भिंत पाडली. नको ती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

समोरच्या सेनगुप्ताबाई आल्या. त्यांच्या गॅरेजमध्ये दर शनिवारी संध्याकाळी सेक्टरमधली मंडळी जमतात. कोणी गातं, कोणी चित्रं काढतं. आता मुलाने मारुती घेतली आणि कलेची हकालपट्टी झाली! ‘दादा, आपका हॉल तो एकदम खाली है,’ म्हणाल्या. तो हॉल कुमुदच्या सोफ्यासाठी मोकळा ठेवला आहे हे परक्या बाईला कसं सांगणार? हो म्हणून बसलो.

२२ फेब्रुवारी

सातजण आले. आपापल्या सतरंज्या घेऊन! सरदार गुरबचन सिंग ट्रॅक्टरच्या कारखान्यात फोरमन होते, आता जलरंगात शेतं रंगवतात आणि न विचारता गातात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज असा घुमला की हरफूलही थापी खाली ठेवून ऐकत बसला. अर्थात त्याला निमित्तच हवं असतं.

सेनगुप्ताबाईंनी तांदळाच्या पिठीत चिंधी बुडवली आणि कच्च्या जमिनीवर बोटाने अल्पना काढली. वेल, धान, मासे. मग मला विचारलं, ‘आप लोगों में क्या बनाते हैं?’ मी ऐटीत सांगितलं, चैत्रांगण! चैत्राचा महिनाभर दारापुढे रांगोळी, झोपाळ्यावर गौर, भोवती एक्कावन्न चिन्हं! जणू मीच काढत आलो आहे. ‘भाभीजी कब आएँगी? हमें सिखाएँगी?’ म्हटलं, बस, काम पूरा होते ही.

मंडळी गेल्यावर हॉल फार मोठा वाटला.

८ मार्च

फरशी बसली! मकराण्याचा संगमरवर, फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत. दूध सांडल्यासारखा. सगळा सेक्टर हाच घालतो आहे, आपण का मागे राहायचं? कुमुदला सविस्तर पत्र टाकलं. मापांसकट.

१९ मार्च

उत्तर आलं. ‘पत्र पोचलं. पांढरी फरशी. बरं. तब्येतीला जपा.’

देवयानीला फोनवर वाचून दाखवलं. ‘बरं म्हणजे ओके, बाबा.’ म्हणे ओके! बत्तीस वर्षांच्या संसारात ह्या बाईच्या ‘बरं’चा अर्थ ओके कधीही झालेला नाही.

२७ मार्च

दुपारी दोन तास वीज नव्हती. नव्या घरात गार फरशीवर आडवा झालो. आर. के. पुरमला वीज गेली की ती वर्तमानपत्राची घडी करून वारा घालायची. स्वतःला घालते आहे असं दाखवायची, पण वारा माझ्याकडे यायचा. हे मला आज कळलं.

तिची फार आठवण येते. लिहिलं एकदाचं.

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. साखरेची गाठी दिल्लीहून देवयानीने आणली. म्हटलं, आज आपण स्वतः चार रेघा काढू. रांगोळीची पुडी घेऊन दाराशी बसलो. एक रेघ ओढली. दिसेना! दुसरी ओढली. पांढऱ्यावर पांढरं! चष्मा पुसला, तोच गुरबचन सिंग फिरून परत येताना थेट रांगोळीवरून चालत आत आले. ‘क्या ढूँढ रहे हो, बलवंतजी?’

काय सांगू, काय शोधतो आहे!

ते ‘बरं’ आत्ता समजलं. क्वार्टरच्या व्हरांड्यात ती आधी गेरू सारवायची, तो वाळला की चिमटीतून रेघ सोडायची. मी नऊची चार्टर्ड बस गाठायला उड्या मारत जायचो. मागून एकच शब्द यायचा — ‘जपून!’ एकदा रांगोळीतल्या कासवावर बूट पडला. मी तसाच पळालो. संध्याकाळी येऊन पाहतो तर कासव पूर्ववत. घरभर मी दार सोडून सगळ्याचा विचार केला, आणि ते दार तेवढंच तिचं होतं.

९ एप्रिल

पत्र लिहिलं. देवयानी म्हणते माझी पत्रं म्हणजे सरकारी परिपत्रकं, ‘कळविण्यात येते की’. आज कळवायला काहीच नव्हतं. लिहिलं, फरशी चुकली. चैत्रांगणात काय काय असतं ते सांगशील का? फोन करता आला असता, पण तिकडे फोन आधी सुनेत्रा उचलते, आणि तिच्याशी बोलण्याइतकं धैर्य अजून गोळा झालेलं नाही.

१२ एप्रिल

दाराबाहेरचा संगमरवर उखडायला सांगितला. हरफूल माझ्याकडे बघतच राहिला. ‘अभी तो लगाया है, साहब!’ ओट्यासाठी आणलेल्या काळ्या दगडाची मोठी लादी उरली होती, ती तिथे बसवायची ठरली. पण पॉलिश केलेल्या दगडावर रांगोळी ठरत नाही, घसरते. म्हटलं, उलटी बसव. खरखरीत बाजू वर.

‘उलटी? लोग कहेंगे हरफूल को काम नहीं आता!’

शेवटी सेनगुप्ताबाईंनी रस्त्यापलीकडून येऊन त्याची समजूत घातली. उलटी लादी बसवताना त्याने जेवढी काळजी घेतली तेवढी उभ्या घरात घेतली नव्हती.

२० एप्रिल

कुमुदचं इनलँड! आत मजकूर जवळजवळ नाहीच. बॉलपेनने काढलेली चिन्हं — शंख, चक्र, सूर्य, चंद्र, तुळस, फणी, करंडा, हत्ती, नाग, कासव. घडीच्या कडांपर्यंत. मोजली, तेहेतीस. शेवटी बारीक अक्षरात: ‘जागा संपली. बाकीची तुम्ही पाहिलेलीच आहेत.’

पाहिलेली! तेवीस चैत्र त्यांच्यावरून उड्या मारल्या. सबंध दुपार डोळे मिटून बसलो. एक आठवेल तर शपथ. तिच्या पदराला लागलेला गेरू तेवढा दिसत राहिला.

२६ एप्रिल, शनिवार

मंडळींना इनलँड दाखवलं. खरं काय ते सगळं सांगूनही टाकलं, पुण्याचं, घराचं. गुरबचन सिंगांनी नुसता पाठीवर हात ठेवला.

मग कामाला लागले! संगमरवर कापताना पडलेला भुगा हरफूलने गोणीत भरून ठेवला होता. तो सेनगुप्ताबाईंनी जुन्या साडीतून चाळला, बारीक रवाळ रांगोळी झाली. मी तेहेतीस चिन्हं गिरवतो. अठरा कमी पडतात तिथे प्रत्येकाने आपल्या घरचं काढायचं असं ठरलं. बाईंचा मासा आणि धानाची लोंबी. सरदारजींच्या आईच्या फुलकारी ओढणीवरचं फूल. हरफूलनेही बोटाने मोर काढला, त्यांच्या गावात भिंतीवर काढतात तसा. चांगला काढतो लेकाचा!

माझा हत्ती डुकरासारखा होतो. सराव चालू.

कुमुदला लिहिलं, अक्षय तृतीयेला हळदीकुंकू ठेवतो आहे. बायका येतील. घरात बाई नाही.

३ मे

देवयानीचा फोन. ‘बाबा, आई येतेय! नऊ तारखेला सकाळी निजामुद्दीन स्टेशनला. मी घेऊन येते.’ फोन ठेवल्यावर उगाच सगळ्या खोल्यांतून फिरलो.

८ मे

पहाटेपासून काढतो आहे. दारातच बसकण मारली. गुडघे गेले कामातून. मध्ये झोपाळ्यावर गौर, कासव नीट, हत्ती बरा, आणि कडेला गौरीची पावलं. एक्कावन्न झाली. डाळ भिजत घातली आहे, कैऱ्या आणल्या आहेत. ती येईल का, म्हणजे राहील का, हे कोणाला विचारू?

९ मे, अक्षय तृतीया

आली.

फाटकातून आत आली. काळ्या फरशीपाशी थांबली, बॅग खाली ठेवली, वाकून हात लावला. ‘खरखरीत आहे,’ म्हणाली. ‘उलटी बसवली,’ म्हटलं. मग एकेक चिन्ह पाहत गेली. मी शाळेतल्या पोरासारखा उभा.

‘चैत्रांगणात मासा?’

‘सेनगुप्ताबाईंचा.’

हसली! सहा महिन्यांनी ते हसू ऐकलं. मग कडेला बोट दाखवून म्हणाली, ‘आणि ही पावलं? गौर आत यायची की बाहेर जायची?’

पाहतो तर खरंच! मी दारात बसून, रस्त्याकडे तोंड करून काढली होती. सगळी पावलं घरातून बाहेर चाललेली! पुसायला खाली बसलो, तर म्हणाली, ‘राहू देत.’ आणि लहान मुलीसारखी पाऊल जपून टाकत, एकाही रेघेला न दुखवता आत गेली.

संध्याकाळी सगळ्यांना आंब्याची डाळ, पन्हं. डाळ मी पार पीठ करून ठेवली होती, तिने मुकाट्याने खाल्ली. अख्खा सेक्टर तिच्याभोवती. सेनगुप्ताबाईंना चिमटीतून रेघ सोडायला शिकवत होती. वाटलं, जिंकलं! राहणार!

१० मे, शनिवार

तेरा तारखेची पुण्याची परतीची गाडी आहे. तिने तिकिटं दोन काढून आणली आहेत. चहा देताना पुढ्यात ठेवली आणि विचारलं, ‘याल?’

हे घर घेताना एवढा एक शब्द मला विचारता आला नव्हता.

हो म्हणालो. किल्ली सेनगुप्ताबाईंना दिली. शनिवारची मंडळी इथेच जमू देत.